जेवणानंतरचे दोन तास

लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया ही आता मुंबईच्या उपनगरांत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांत तिची चर्चा सुरू झाली. पुढे 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून अतिशय लठ्ठ असलेल्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणलं गेलं. मार्चमध्ये चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वर्तमानपत्रं त्यांच्या उतरत्या वजनाचा हिशेब छापत राहिली. आज अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये तिच्यासाठी अटी ठरवून दिल्या: बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, अथवा 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा हृदयविकारासारखा गंभीर आजार. त्यामुळे खर्चाचा प्रश्न अनेक कुटुंबांसाठी थोडा सोपा झाला.

ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत समाधानी माणसं पुष्कळ आहेत. कुणाचं इन्सुलिन सुटलं, कुणाचे गुडघे पुन्हा जिना चढू लागले, कुणी कित्येक वर्षांनी रात्रभर शांत झोपू लागलं. ही पुस्तिका शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. पण किलो मोजण्याचा उत्साह पहिल्या वर्षात संपतो. मग रुग्णाचं फेरतपासणीला जाणं कमी होतं, आहारतज्ज्ञाचा कागद कपाटात जातो, आणि नेमक्या त्याच काळात काही जणांना एक वेगळाच त्रास सुरू होतो. त्या त्रासावर मराठीत सविस्तर, घरच्या माणसांना समजेल असं फार थोडं लिहिलं गेलं आहे. म्हणून ही पुस्तिका.

त्रास असा. जेवणानंतर एक ते तीन तासांत अचानक दरदरून घाम फुटतो. हात थरथरतात, छाती धडधडते, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते. कधी डोळ्यांपुढे अंधारी येते, शब्द सापडत नाहीत, समोरचा काय बोलतो ते कळेनासं होतं. काहींना गुंगी येते, आणि थोड्यांना शुद्ध हरपण्यापर्यंत किंवा झटका येण्यापर्यंत वेळ येते. रक्तातली साखर त्या क्षणी मोजली तर ती 70 च्या खाली, कधी 54 च्याही खाली गेलेली असते. 54 च्या खालचा आकडा हलक्यात घ्यायचा नाही, कारण तिथे मेंदूला त्याचं इंधन कमी पडू लागलेलं असतं.

आता बोरिवलीच्या एखाद्या नोकरदार बाईची सकाळ डोळ्यांसमोर आणा. सव्वासातला उभ्याउभ्या बशीभर पोहे, वर दोन चमचे साखरेचा चहा. मग रिक्षा, पूल, प्लॅटफॉर्म, लोकल. नऊच्या सुमाराला, गाडी वांद्र्याच्या पुढे गेलेली असताना, बायकांच्या डब्यात तिला घाम फुटतो. कुणीतरी उठून जागा देतं, कुणी पाण्याची बाटली पुढे करतं, कुणी पर्समधून गोड गोळी काढून हातावर ठेवतं. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं. सगळे म्हणतात, गर्दीचा त्रास. डॉक्टर रक्तदाब बघतात, ईसीजी काढतात, दोन्ही ठीक. घरी सासूबाई म्हणतात, "अगं, खात काय नाहीस तू, दुसरं काय होणार?" आणि दुसऱ्या दिवशी मायेने शिरा करून ठेवतात. सून तो शिरा खाऊन निघते, आणि नऊ वाजता पुन्हा तेच.

या शिऱ्यातच या विषयाचं मर्म आहे. हा त्रास उपाशीपोटी येत नाही; तो खाल्ल्यामुळे येतो. त्या क्षणी जीव सावरते ती साखरच, आणि दोन तासांपूर्वी घसरगुंडी सुरू केली तीही साखरच. हे ज्या घराला समजलं, त्या घराने अर्धी लढाई जिंकली.

हे घडतं कसं, ते समजून घेणं अवघड नाही. जठराच्या तळाशी एक झडप असते. ती अन्न थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडते. वजनाच्या शस्त्रक्रियेच्या बायपास या प्रकारात अन्न या झडपेला वळसा घालून थेट आतड्यात उतरतं. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात झडप जागेवर राहते, पण जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून त्याची अरुंद नळी केलेली असते, त्यामुळे अन्न पुढे लवकर ढकललं जातं. दादरला लोकल थांबली की अख्खा डबा एकदम प्लॅटफॉर्मवर उतरतो, तशी साखर आतड्यात एकदम उतरते. रक्तातली साखर अर्ध्या-पाऊण तासात झपाट्याने चढते. आतडं जीएलपी-1 नावाचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात सोडतं आणि स्वादुपिंडाकडून भरपूर इन्सुलिन सुटतं. इकडे आतड्यातली साखर तर केव्हाच शोषून संपलेली असते. रक्तातलं इन्सुलिन मात्र आपलं काम करतच राहतं. शिवाय वजन उतरल्यामुळे शरीर इन्सुलिनला पूर्वीपेक्षा चटकन प्रतिसाद देतं. म्हणून साखर जितक्या वेगाने चढली, तितक्याच वेगाने तळाला जाते.

वैद्यकाला यातला काही भाग फार पूर्वीपासून ठाऊक होता. पोटातल्या अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांना जेवणानंतर घाम आणि चक्कर येते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदलं गेलं होतं. असे रुग्ण बारीक होतात, हे बघूनच एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा इथे लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. पण त्या शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर कमी साखरेकडे जगाचं लक्ष गेलं ते 2005 मध्ये. त्या वर्षी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. तेव्हा दोष स्वादुपिंडातल्या वाढलेल्या पेशींचा मानला गेला आणि स्वादुपिंडाचा भाग कापून काढण्यापर्यंत उपचार गेले. पुढच्या अभ्यासांनी ते मत बदललं. अन्नाचा वेग आणि आतड्याची संप्रेरकं हे मुख्य कारण, आणि आहार हा पहिला उपचार, असं आज मानलं जातं.

घाबरून जाण्याचं कारण नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या 2010 च्या अभ्यासात बायपासनंतर कमी साखरेमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याहून बरंच कमी आढळलं. मात्र रुग्णालयापर्यंत न पोहोचणारा, घरात, गाडीत आणि ऑफिसात निभावून नेला जाणारा सौम्य त्रास त्याहून कितीतरी जास्त जणांना होतो. तो ओळखला जात नाही, ही खरी अडचण.

ओळखला का जात नाही? एक कारण म्हणजे आपल्या नेहमीच्या तपासण्या. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी असते. या रुग्णांची उपाशीपोटीची साखर बहुधा उत्तम असते, आणि एचबीए1सी ही तीन महिन्यांची सरासरी. चढाची आणि उताराची सरासरी काढली की आकडा छानच दिसतो. अहवाल हातात घेऊन माणूस निश्चिंत होतो. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून केली जाणारी चाचणी या निदानासाठी योग्य नाही. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ती फार त्रास देते, आणि एरवी काहीही तक्रार नसलेल्यांचीही साखर त्या चाचणीत खाली गेलेली दिसते. निदान तीन गोष्टी एकत्र आल्यावर होतं: लक्षणं, त्याच वेळी मोजलेली कमी साखर, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जाणं.

दुसरं कारण म्हणजे आपण वेळ विचारत नाही. मुलुंडच्या दवाखान्यात हे संभाषण मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे.

"काकू, चक्कर जेवणाआधी येते की नंतर?"

"आधीच असणार हो, डॉक्टर. जेवल्यावर कशी येईल?"

"काल कधी आली?"

"काल ना? साडेपाचला. भाजी निवडत बसले होते."

"आणि दुपारी जेवलात किती वाजता?"

"काल आमची भिशी होती. साडेतीन वाजले. श्रीखंड-पुरी होती. पण खाल्लं कुठे हो, चार घास. पोटात मावतं कुठे आता?"

चार घासांचं प्रमाण कमी होतं, हे काकूंचं म्हणणं अगदी खरं. पण त्या चार घासांत श्रीखंडाची साखर आणि मैद्याची पुरी यांखेरीज फारसं काही नव्हतं. साडेतीन आणि साडेपाच हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले, की निदानाची दिशा सापडते. म्हणून या पुस्तिकेच्या शेवटी नोंदवहीची पानं जोडली आहेत: काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता, ग्लुकोमीटरचा आकडा किती. दंडावर सेन्सर लावून साखरेचा आलेख बघण्याची सोयही आता मिळते आणि ती उपयोगी आहे. मात्र सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, त्यामुळे साखर वेगाने पडत असताना बोटाला टोचून खात्री करावी.

पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग स्वयंपाकघराचा आहे, कारण हा आजार तिथेच आटोक्यात येतो. नियम मोजके आहेत. जेवणात आधी प्रथिनं: डाळ, उसळ, पनीर, दही, अंडं, मासे, चिकन, घरात जे चालत असेल ते. भात किंवा पोळी मागाहून आणि मोजून. एका वेळी पिष्टमय पदार्थ साधारण 30 ग्रॅमपर्यंत ठेवायला बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात; मध्यम फुलक्यात ते 15 ते 20 ग्रॅम असतात आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात 28 च्या आसपास. जेवताना पाणी नको, नंतर अर्ध्या तासाने प्यावं. घास सावकाश चावावा. दिवसात दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं. उसाचा रस, सरबत, गोड चहा, फळांचा रस ही पातळ साखर सर्वांत वेगाने उतरते, म्हणून ती रोजच्या आहारातून पूर्ण काढावी. गूळ, मध आणि खजूर साखरेपेक्षा निरुपद्रवी असतात हा समज या बाबतीत तरी सोडून द्यावा. दारू टाळावीच, कारण शस्त्रक्रियेनंतर ती लवकर चढते आणि साखर सावरण्याचं यकृताचं काम अडवते.

उपवासांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम मोठं ठेवलं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आषाढी एकादशीला सकाळपासून काही न खाता दुपारी बशीभर खिचडी आणि वर केळं खाल्लं, की तासा-दोन तासांत काय होईल ते आता वाचकाने ओळखलं असेल. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीत जैन कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचं असतं. ऑफिसातून धावत घरी येऊन दहा मिनिटांत आटोपलेलं जेवण हासुद्धा धोकाच आहे, मग ताटातलं अन्न कितीही साधं असो. रमजानमध्ये दिवसभराच्या रोजानंतर खजूर आणि सरबताने रोजा सोडणाऱ्यांनाही हेच लागू पडतं. श्रद्धा सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. मी इतकंच सांगतो की उपवासाच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरांशी आणि आहारतज्ज्ञांशी बोला. दही, पनीर, शेंगदाणे, थोडा राजगिरा यांतून उपवासाचं ताट बसवता येतं. गणपतीत एक मोदक जेवणाच्या शेवटी, आमटी-उसळीनंतर आला तर बहुतेकांना तो सोसतो. रिकाम्या पोटी खाल्लेले तीन मोदक सोसत नाहीत.

साखर उतरलीच, तर काय करायचं? पहिल्यांदा बसायचं. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबायचं. साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात ढवळून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि साखर 70 च्या खालीच असेल तर तेवढीच मात्रा परत घ्यायची. साखर वर आली की मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं किंवा पनीरचा तुकडा खायचा, म्हणजे ती टिकून राहते. इथे बहुतेक घरांत एक चूक होते. घाबरून अर्धा डबा पेढे खाऊ घातले जातात, आणि दोन तासांनी दुसरी घसरण सुरू होते. दिवसभर असंच चाललं की वजनही परत चढू लागतं.

अकार्बोज हे औषध घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या त्रासावर ते पुष्कळदा दिलं जातं, कारण ते पिष्टाचं आणि साखरेचं पचन लांबवतं. पण म्हणूनच ते घेत असताना साखर उतरली, तर घरातली साधी साखर, पेढा किंवा बिस्किट वेळेवर कामाला येत नाही. त्या वेळी ग्लुकोजच हवं. पर्समध्ये किंवा खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या. चॉकलेटवर विसंबू नका.

माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. त्याला कुशीवर वळवावं आणि 108 ला फोन करावा; रेल्वेत असाल तर 139. अशा माणसाला लोक दारू प्यायलेला समजतात किंवा फिट आली म्हणून कांदा हुंगवत बसतात, आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. रुग्णाने खिशात एक कार्ड ठेवावं. त्यावर फक्त 'बायपास' असं लिहू नका. वाचणाऱ्याचा समज हृदयाच्या बायपासचा होतो. 'वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, साखर तपासा' असं स्पष्ट लिहा.

काही वेळा घरी थांबून चालत नाही. पहाटे किंवा उपाशीपोटी साखर उतरत असेल, शस्त्रक्रियेनंतर अगदी पहिल्या काही महिन्यांतच हे सुरू झालं असेल, किंवा एकदाही शुद्ध हरपली असेल, तर कारण दुसरंही असू शकतं आणि ते एंडोक्रायनॉलॉजिस्टने शोधायला हवं. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीच्याच मात्रेत चालू राहणं हे तर अगदी टाळता येण्यासारखं कारण आहे. वजन वीस-तीस किलोंनी उतरलं आणि गोळी तीच राहिली, तर साखर उतरणारच. आहाराने भागलं नाही तर अकार्बोजखेरीज डायझॉक्साइड, ऑक्ट्रिओटाइड अशी औषधं तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिली जातात. जीएलपी-1 ची क्रिया अडवणाऱ्या नव्या औषधावर परदेशात अभ्यास चालू आहेत. फार थोड्या जणांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. वजनाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण चक्कर, घाम, घबराट किंवा 'मध्येच सुचेनासं होतं' अशी तक्रार घेऊन आला, तर अशक्तपणाचं टॉनिक किंवा चिंतेची गोळी लिहिण्याआधी शेवटचं जेवण किती वाजता झालं, ते विचारा. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकांनी पहिल्या वर्षानंतरही रुग्णाला बोलावत राहावं, आणि घरी जाताना त्याच्या हाती जो आहाराचा कागद देतात, त्यात या त्रासाचा उल्लेख ठळक अक्षरांत असावा.

आणि वाचकहो, ही पुस्तिका एकट्याने वाचू नका. साखर उतरते तेव्हा ज्याची उतरते त्याला विचार करता येत नाही. विचार शेजारच्याला करावा लागतो. म्हणून ती स्वयंपाक करणाऱ्याला, सोबत प्रवास करणाऱ्या मैत्रिणीला, ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाचायला द्या. ग्लुकोज कुठे ठेवलं आहे ते त्यांना दाखवा. शेवटच्या पानांवर आजपासून पंधरा दिवस जेवणाच्या वेळा आणि त्रासाच्या वेळा लिहा, आणि ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. हा त्रास तुमच्या खाण्याच्या हावरेपणाचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा पुरावा नाही. बदललेल्या पोटाचं ते एक वागणं आहे, आणि वेळेवर ओळखलं तर बहुतेकांच्या बाबतीत ते आटोक्यात येतं.